ओव्हाळ शिष्यवृत्तीची एकमेव अट

“ऐका हो ऐका! पिंपरी, काळेवाडी, रहाटणी परिसरातील तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या गुरुवारी दुरुस्तीच्या कामामुळे पाणी येणार नाही. सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे!”

आवाज संपला. जयदीपने मोबाइल चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि कस्तुराबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगं चोवीस वर्षांचं होतं. हनुवटीवर मोजून अकरा केस, आणि ते राखायला दोन प्रकारची तेलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एका मेलेल्या माणसाचा आवाज तयार केला होता, त्यामुळे कौतुकाची अपेक्षा रास्त होती.

“बरा हाय आवाज,” कस्तुराबाई म्हणाल्या. “कुणाचा हाय?”

“काकू, काकांचाच.”

“कुठल्या काकांचा?”

खोलीतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती आणि त्यांच्या खाली, जरा बेताने, बुद्धरत्न ओव्हाळांचा फोटो होता. फोटोत त्यांचं तोंड मिटलेलं होतं. घरात ते तसंच असायचं.

“एआयवर केलाय काकू. वय साठ, मावळाकडचा माणूस, आवाज थोडा घोगरा, असं सगळं लिहून दिलं की तो बनवतो.”

“ह्ये ‘तमाम’च्या आधी श्वास घ्यायचे. छातीभरून. ह्यो घेत न्हाई.”

“श्वास टाकता येईल.”

“आणि मधी एकदा खाकरायचे.”

“तेही टाकू. खाकरणं आहे आमच्याकडे.”

“कुणाचं?” कस्तुराबाईंनी पुन्हा विचारलं.

जयदीपने आपल्या मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणजे तनुजा. तिची जाहिरात कंपनी हिंजवडीला होती, आणि हिंजवडीहून काळेवाडीला यायला तिला पावणेदोन तास लागले होते. परदेशातून आलेल्या माणसासारखी ती भिंतीला टेकून बसली होती. पण ती इथलीच. इथून दहा मिनिटांवरच्या एका चाळीत ती वाढली होती, आणि हे सगळं खटलं तिनेच उभं केलं होतं: ‘बुद्धरत्न ओव्हाळ स्मृती शिष्यवृत्ती. माध्यमे आणि जाहिरात क्षेत्रात करिअर करू इच्छिणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांसाठी.’

ते पत्र आलं तेव्हा कस्तुराबाईंनी आपल्या लेकीकडून, रश्मीकडून, ते तीनदा वाचून घेतलं होतं. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा कळलं म्हणून आणि तिसऱ्यांदा शेजारीण आली होती म्हणून. चौतीस वर्षं ज्याच्या नावाने लोक खिडक्या लावून घेत, त्या माणसाच्या नावाने आता मुलं कॉलेज शिकणार होती. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात मावायला आठवडा लागला. मावल्यावरही ती मधूनमधून बाहेर यायची, आणि भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबायचा.

“रविवारी चिंचवडला कार्यक्रम आहे, काकू,” तनुजा म्हणाली. “सुरुवात त्यांच्या आवाजाने व्हावी असं वाटतं मला. आवाजाच्या माणसाची शिष्यवृत्ती आणि आवाजच नाही, असं कसं चालेल? पण तुम्ही नको म्हणालात तर हा नाही लावणार.”

“खरा मिळाला तर?”

“मग सोनंच. पण मी तीन महिने शोधतेय.”

“मी चार दिस शोधते,” कस्तुराबाई म्हणाल्या. “न्हाई घावला तर लाव तुझा ह्यो पाव्हणा.”

निघताना तनुजा दारात थांबली. “अजून एक. फॉर्मवर अटींचा रकाना आहे. मार्क, उत्पन्न वगैरे आम्ही काही घातलं नाही. एक अट तुम्ही सांगा. काहीही.”

“मी काय अट घालणार बया? मला लग्नातसुदिक कुणी इचारलं न्हवतं.”

तनुजा हसली. मग चप्पल घालता घालता, सहज बोलावं तसं म्हणाली, “खरं सांगू का काकू, काकांवर माझा लहानपणी राग होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की भोंगा बंद करायचे. पार पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू. अख्ख्या काळेवाडीला कळवायचं आणि आम्हालाच नाही! मला वाटायचं, आम्ही नागरिकांत धरलेलेच नाही. मग तिकडे भोंगा सुरू झाला की मी कोपऱ्यापर्यंत पळत जायचे, सगळं ऐकून यायचे आणि दारोदार सांगायचे. तेही कुजबुजत. पप्पा झोपलेले असायचे ना, रात्रपाळीचे. या धंद्यातली माझी पहिली नोकरी तीच.”

नवऱ्याने भोंगा कुठे लावला आणि कुठे बंद केला, हे कस्तुराबाईंना कधी ठाऊकच नव्हतं. सांगायला तो घरी बोलायला हवा होता.

बुद्धरत्न ओव्हाळ रिक्षावरच्या भोंग्यातून दिवसभर लाखभर लोकांशी बोलत आणि घरी आल्यावर एकाशीही नाही. घसा हे त्यांचं हत्यार होतं, आणि कारागीर कामावरून आला की हत्यार पुसून ठेवतो. दोन बोटं वर म्हणजे दोन भाकरी. तळहात आडवा म्हणजे पुरे. डोळे मिटून मान हलवली म्हणजे कालवण झकास. कालवण बिघडलं तर काहीच नाही, तोच तेवढा तक्रारीचा शब्द. एक्केचाळीस वर्षांचा संसार असा खुणांवर झाला. कस्तुराबाई बायकांत म्हणायच्या, “माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा तर मला बी खिडकीतच उभं ऱ्हावं लागतं.” बायका हसायच्या. पण ते अक्षरशः खरं होतं. सकाळी साडेनऊला रिक्षा घरावरून जायची आणि कस्तुराबाई हातातलं टाकून खिडकीशी यायच्या. तमाम नागरिकांत त्या होत्या. तेवढं त्यांना पुरे होतं.

धंद्यात येण्याआधी ते एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने दाबायचं. याच क्रमाने, रात्रीतून चार हजार वेळा. शहाऐंशी साली एका रात्री क्रम चुकला आणि डाव्या हाताचं मधलं बोट पत्र्याबरोबर गेलं. आदल्या दुपारी झोप झाली नव्हती. गावात सर्कस आली होती, आणि वाघ-सिंह आल्याची खबर देणारी स्पीकरची रिक्षा खिडकीखाली दीड तास बिघडून पडली होती. इंजिन बिघडलं होतं, भोंगा ठणठणीत. पुढे कारखानाही बंद पडला. मग नऊ बोटांचा हा माणूस एक दिवस जुनी रिक्षा, त्यावर भोंगा आणि हातात माइक घेऊन दारात उभा राहिला.

त्यांचे वडील धोंडीबा तेव्हा हयात होते. गावी असताना दवंडी देणं हे त्यांच्या वाट्याचं गावकीचं काम होतं. पाटलाचा बैल हरवला तरी यांनी ओरडायचं, सापडला तरी यांनीच. धम्म घेतला त्या दिवशी धोंडीबांनी डफ खाली ठेवला तो ठेवलाच. भोंगा पाहून म्हातारा म्हणाला, “म्या टाकलं त्ये तू उचाललंस व्हय?”

“आबा, डफ गावाचा होता,” बुद्धरत्न म्हणाले. “भोंगा माझा हाय. कुठं वाजवायचा आन् कुठं न्हाई, ह्ये मी ठरवणार.”

घरात उच्चारलेलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. कस्तुराबाईंना ते शब्दन्‌शब्द पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र पुरता लागायला त्यांना पुढची पस्तीस वर्षं लागायची होती.

गुरुवारी मायलेकी शोधाला निघाल्या. पाणी खरोखरच आलं नव्हतं, तेव्हा घरात बसून तरी काय करणार.

पिंपरीच्या बाजारात साड्यांच्या दुकानदाराने त्यांना गादीवर बसवलं, थंड मागवलं. बावीस दिवाळ्या ओव्हाळांनी त्याचा सेल पुकारला होता. “आवाज? वहिनी, तो माझ्या कानात आहे!” म्हणत त्याने डोळे मिटले आणि एका हाताची मूठ तोंडाशी धरून, “आली हो आली, दिवाळी आली!” असं खड्या आवाजात सुरू केलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं दचकून बाहेर गेली. नक्कल चांगली होती. आवाज मात्र दुकानदाराचाच होता.

शुक्रवारी मंडप-स्पीकरवाल्याने तेच केलं. पाण्याच्या टाकीवरच्या निवृत्त कर्मचाऱ्याने तेच केलं. गंमत अशी की प्रत्येक जण वेगळंच ओरडून दाखवी आणि प्रत्येक जण ‘तमाम’च्या आधी छातीभरून श्वास घेई. आवाज सगळ्यांकडे होता. पण ज्याच्या त्याच्या तोंडात.

“रेकॉर्ड कसा नाही केला हो कुणी?” रश्मीने स्पीकरवाल्याला विचारलं.

“ताई, नळाचं पाणी कोण बाटलीत भरून ठेवतं?” तो म्हणाला. “आन् त्यांनाच चालायचं नाही ते. मी म्हणायचो, दादा, एकदा पेनड्राइव्हमध्ये बोला आन् निवांत रिक्षा फिरवा. तर म्हणायचे, पेनड्राइव्हला गल्ली कळत नाही.”

“म्हंजी?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“ते मला पण नाही कळलं. मोठा माणूस. मी मान हलवली.”

रात्री रश्मीच्या लग्नाची सीडी लावून पाहिली. तीन तासांच्या सीडीत वधूपिता दोनशे वेळा हात जोडतो आणि एकदाच बोलतो. पंगतीत कुणाला तरी “जेवलात का?” एवढंच. पण नेमका त्याच क्षणी बँडवाला ट्रम्पेटमध्ये फुंकतो. रश्मीने तो तुकडा सहा वेळा मागे नेला. सहाही वेळा ट्रम्पेट.

“आई, राहू दे,” ती म्हणाली. “जयदीपचाच लावू. श्वास घालतो म्हणालाय ना.”

कस्तुराबाईंनी नवऱ्यासारखा तळहात आडवा केला.

शनिवारी त्या तनुजाच्या चाळीत गेल्या. आता तिथे चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणारी पोरं राहत होती, खोलीत सहा-सहा. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला कंपनीची भिंत, मधून किंचित चढाची गल्ली आणि गल्लीपलीकडे दोनशे घरं, तिकडे जायला वाट हीच. चाळीसमोर सात मजली सोसायटी झाली होती. तिचं नाव इंग्रजी होतं आणि वॉचमनला ते नीट सांगता येत नसे, म्हणून तो “हीच ती” म्हणायचा.

सोसायटीचे अध्यक्ष उद्धवराव खाली उतरून आले. क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे जगात जे काही आहे त्यात दोष असणारच, यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी रश्मीच्या मोबाइलमधला फोटो पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलासारखा झाला.

“हे... हे गेले का?”

“दोन वर्षं झाली.”

“आवाज नाही हो माझ्याकडे,” उद्धवराव म्हणाले. “पण माणूस आहे.”

त्यांनी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि वर, वर, आणखी वर जात राहिले. शेवटी दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात पोचले. गेटवरच्या सीसीटीव्हीतली एक क्लिप होती. खाली उद्धवरावांच्याच हातचा मजकूर: ‘सावधान! सदर संशयित इसम दररोज सकाळी अकराच्या सुमारास रिक्षा ढकलत चोरून नेताना आढळला आहे. सर्वांनी सतर्क राहावे.’ त्याखाली बावीस अंगठे.

“दररोज?” रश्मी म्हणाली. “एकच रिक्षा?”

“तो मुद्दा नंतर एका सभासदाने उपस्थित केला,” उद्धवराव खाली बघत म्हणाले. “मी चौकीत अर्जसुद्धा दिला होता. मग एक दिवस स्वतःच जाऊन पकडलं. विचारलं, कुणाची रिक्षा? काय चाललंय? तर हा गृहस्थ एक अक्षर बोलेना. ओठांवर बोट ठेवलं, त्या चाळीकडे हात केला, गालाखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली आणि पुन्हा ढकलायला लागला. मला वाटलं, मुका आहे बिचारा. मी अर्ज मागे घेतला.”

पिंपरी-चिंचवडमधल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाला मुका समजणारा हा एकमेव गृहस्थ. पण कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला होता.

पडदा बोटभर. त्यात एक रिक्षा, वर भोंगा. रिक्षाचं इंजिनही भोंग्याच्या वरताण होतं, म्हणून तेही बंद. बाहेरून उजवा हात हँडलवर, डावा खांदा दांडीला, आणि एकसष्ट-बासष्ट वर्षांचा माणूस ती चढावरून ढकलत नेतोय. पावलं मोजावीत तशी टाकतोय. चाकं एका खड्ड्यात अडतात. तो थांबतो, बाहीला तोंड पुसतो, पुन्हा खांदा लावतो.

तो डावा खांदा. तीस वर्षं रोज संध्याकाळी कस्तुराबाईंनी त्याला तेल चोळलं होतं. रोज विचारलं होतं, “रिक्षा चालवता का वढता?” रोज उत्तर म्हणून नवऱ्याने मान हलवली होती. ती ‘हो’ होती की ‘नाही’ हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

“रश्मे,” त्या म्हणाल्या, “सर्कस.”

“काय?”

“कुठं वाजवायचा आन् कुठं न्हाई.” एवढंच म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. मग पदराने तो पुसून द्यायला हवा होता असं वाटून पुन्हा घेतला, पुसला आणि दिला.

चिंचवडचा हॉल लहान होता आणि तरी भरला. अर्ध्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं, ज्यांना माध्यमांत जायचं होतं आणि जी तोवर मोबाइलमध्ये होती. अर्ध्या खुर्च्यांवर काळेवाडीची माणसं, ज्यांना कुठेही जायचं नव्हतं. पहिल्या रांगेत तनुजाचे वडील भिमाजी बसले होते. एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढल्यामुळे कान गेलेले. लेकीने महागडं यंत्र घेऊन दिलेलं, ते बॅटरी संपू नये म्हणून खिशात.

तनुजाने भाषणात कोपऱ्यापर्यंत पळण्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. “काकांनी आमची गल्ली वगळली नसती तर मी आज इथे नसते,” ती म्हणाली. “राग होता. पण धंदा त्या रागातून शिकले. आता त्यांचा आवाज ऐकू या. काकूंनी काल जयदीपला काहीतरी पाठवलंय. मीही ऐकलेलं नाही.”

दिवे गेले. पडद्यावर गल्ली आली. आवाज नव्हता.

“आवाज वाढवा,” मागून कुणीतरी ओरडलं.

“न्हाईच हाय त्याला,” कस्तुराबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या.

मोबाइलवर बोटभर दिसलेला माणूस इथे भिंतीएवढा होता. खांदा रिक्षाला लावून तो एक पाऊल टाकत होता, मग दुसरं. कॉलेजची पोरं आधी चुळबुळली, मग थांबली. आपण काय पाहतोय ते कुणाला कळत नव्हतं, पण काहीतरी पाहतोय हे कळत होतं. तनुजाने ती भिंत ओळखली. नाला ओळखला. डाव्या बाजूचं तिसरं, बंद दार ओळखलं, ते तिच्या जुन्या घराचं. रिक्षा त्या दारासमोरून जाताना ढकलणारा माणूस चवड्यांवर चालत होता.

“थांब! थांबव रं पोरा!”

भिमाजी उभे राहिले होते. ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तसे मोठ्याने बोलत होते. जयदीपने क्लिप थांबवली.

“ह्यो तर दादा हाय! नव्वद साल. मी प्रेसवर, कायमची थर्ड शिफ्ट. अकराला ह्यांचा भोंगा यायचा. तीन दिस झोप न्हाई. चौथ्या दिशी बनियनवर भाईर आलो, म्हनलं आज ह्याचा भोंगाच फोडतो. तर ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. हाताकडं बघितलं. म्हनाले, कुठल्या खात्यात? म्हनलं, प्रेस. तर ह्यांनी आपला डावा हात म्होरं केला. मधलं बोट न्हवतं.” भिमाजी थांबले. “भांडान झालंच न्हाई मग. दुसऱ्या दिशी अकराला मला जाग आली न्हाई. तिसऱ्या दिशी न्हाई. मला वाटलं, मानूस रस्ता बदलून गेला. ढकलत जातोय ह्ये मला काय म्हाईत? मी झोपल्यालो!”

त्यांनी दोन्ही हात वर केले, पंजे उघडून. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांची सावली पडद्यावर, थांबलेल्या रिक्षावर पडली.

“मोजा,” ते म्हणाले. “धा हायेत. आमच्या लायनीत धा बोटं घिऊन रिटायर झाल्याला मी एकटा.”

खरोखरच काही पोरं मोजत होती. ओठ हलताना दिसत होते.

तनुजा माइकपाशी उभी होती. पंधरा सेकंदांत ती एरवी एक साबण विकते. आता तेवढ्या वेळात तिने माइक बंद केला. ती खाली उतरली आणि कस्तुराबाईंच्या शेजारी, जमिनीवरच बसली.

“काकू, तुम्ही सांगितलं का नाही?”

“मला कुठं ठावं हुतं? मी खांदा चोळत हुते.”

“मी राग धरला त्यांच्यावर. एवढी वर्षं.”

“धर की. त्यांनी कुठं सोड म्हनलं?” कस्तुराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “त्यो रकाना मोकळा हाय का अजून? अटीचा?”

“आहे.”

“मग लिव्ह. ज्याला कुणाला शिष्यवृत्ती मिळंल, त्यानं एक दिस रिक्षा ढकलायची. त्याच गल्लीतनं. भोंगा बंद करून. रिक्षा हाय आमच्या दारात, झाकून ठेवलीय.”

पहिली शिष्यवृत्ती चाकणच्या प्राजक्ताला होती. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईची मुलगी, जाहिरातीचा कोर्स करणारी. तिला स्टेजवर बोलावून अट वाचून दाखवली तेव्हा हॉल हसला. तीही हसली. मग कस्तुराबाई हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं.

“किती लांब, आजी?”

“गल्लीभर. एकशे चाळीस पावलं. काल मी मोजली.”

प्राजक्ताने लिफाफा घेतला. तो पर्समध्ये न ठेवता ती चप्पल काढून कस्तुराबाईंच्या पाया पडली, आणि उठताना तिने स्वतःच्या खांद्याकडे एकदा पाहिलं.

“परत लाव रं,” भिमाजी ओरडले. “मगाशी मी मधी बोललो. पुरती झाली न्हाई.”

पुन्हा दिवे गेले. या वेळी कुणी आवाज वाढवायला सांगितलं नाही. रिक्षा आली, चढावर अडली, खड्ड्यातून निघाली, तिसऱ्या दारावरून चवड्यांवर गेली. हॉलमधला पंखासुद्धा कुणीतरी बंद केला होता. काळेवाडीची बडबडी माणसं, दिवसभर बोलायचं शिकणारी पोरं, आपण मुका समजलेल्या माणसाला बघायला मागच्या रांगेत येऊन बसलेले उद्धवराव, सगळे श्वास धरून त्या चाकांबरोबर पुढे सरकत होते.

गल्लीचं टोक आलं. हे मोबाइलच्या बोटभर पडद्यावर दिसलं नव्हतं, किंवा कस्तुराबाई खांदाच बघत राहिल्या होत्या. टोकाशी माणसाने रिक्षा थांबवली. मागे वळून गल्लीकडे एकदा पाहिलं. आत बसला. हात गळ्यापाशी नेला, मान खाकरल्यासारखी हलली. मग छाती भरली. तो श्वास.

अंधारात कस्तुराबाईंचे ओठ हलले.

त्याने माइक तोंडाशी नेला आणि क्लिप संपली.

दिवे लावायचं कुणाला सुचलं नाही. भिमाजींनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं, त्यामागे उघडा पंजा धरला, आणि ते काळ्या पडद्याकडे झुकून वाट पाहत बसले.